जुनी वेस्टर्न आणि साहसी कॉमिक्स: नायक सोडा, चित्रकार धरा

जुन्या कॉमिक्सकडे नव्याने वळलेला वाचक बहुधा नायकांची यादी करून सुरुवात करतो. टेक्स, लकी ल्यूक, ब्ल्यूबेरी, लोन रेंजर, फँटम, प्रिन्स व्हॅलियंट. मग प्रत्येकाच्या पहिल्या अंकाचा शोध सुरू होतो. तो मिळत नाही, मिळालाच तर किंमत ऐकून घाम फुटतो, आणि शेवटी हाती लागतो मधलाच कुठला तरी रटाळ अंक. ‘एवढं काय कौतुक आहे याचं?’ म्हणून माणूस बाजूला होतो.

घोळ त्या यादीतच आहे. या मालिका तीस-तीस, पन्नास-पन्नास वर्षं चालल्या. काही अजून चालू आहेत. नायक तोच, टोपी तीच, घोडाही तोच, पण काढणारे हात बदलत गेले. त्यातले काही असामान्य होते, बरेचसे वेळ मारून नेणारे. मुखपृष्ठावरचं नाव बघून आत काय असेल ते कळत नाही. म्हणून आधी चित्रकार ओळखायला शिका आणि त्याच्या मागून जा. पुढच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत. पहिल्या दोन घाई न करता चढा, बाकीच्या मागेपुढे झाल्या तरी चालतील.

पायरी १: ओळखीच्या वेताळापासून सुरू करा

मराठी वाचकाला यासाठी लांब जावं लागत नाही. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि ते १९९० पर्यंत चाललं. मराठीतही ते निघत असे. घरातल्या मोठ्यांच्या ट्रंकेत, माळ्यावर किंवा जुन्या वाचनालयाच्या बाईंडिंगमध्ये वेताळाचा, म्हणजे फँटमचा, एखादा अंक अजून सापडतो. नाहीच सापडला तर इंग्रजी पुनर्मुद्रणं आहेत.

फँटम लिहिला ली फॉकने. वर्तमानपत्रातली दैनिक पट्टी सुरू झाली १७ फेब्रुवारी १९३६ ला आणि फॉक १९९९ मध्ये वारला तोवर लिहीत राहिला. एवढ्या काळात चित्रकार मात्र बदलत गेले. पहिला रे मूर. त्याचा फँटम अंधारातला आहे: चौकटीचा निम्मा भाग काळा, चेहऱ्यावर सावल्या, बायका देखण्या आणि जरा धोकादायक. दुसरा विल्सन मॅकॉय, मूरचा सहायक. त्याची रेघ साधी, जवळजवळ भाबडी. माणसं ताठ उभी राहतात, मागे फारसं काही नसतं, पण गोष्ट झरझर कळते. मॅकॉय १९६१ मध्ये वारला आणि थोड्याच अवधीत काम साय बॅरीकडे आलं. त्याने ते १९९४ पर्यंत केलं. बॅरीचा फँटम पिळदार, जंगल दाट, विमानं आणि बंदुका नीट निरखून काढलेल्या. आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीपुढच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे जो वेताळ उभा राहतो, तो बहुतेक वेळा साय बॅरीचा असतो.

आता सराव. इंद्रजालचा एक साठच्या दशकातला आणि एक सत्तरच्या दशकातला अंक शेजारी ठेवा. मजकूर वाचू नका. फक्त तीन गोष्टी बघा: हाताचे पंजे, कापडाच्या घड्या आणि काळी शाई कुठे टाकलीय. चेहरा फसवतो, कारण नवा चित्रकार आधीच्याचा चेहरा मुद्दाम उचलतो. पंजे आणि घड्या काढताना माणूस स्वतःच्या सवयीवर जातो. कानसेन जसा दोन तानांत गवय्याचं घराणं सांगतो, तसं थोड्या सरावाने दोन पानांत हात सांगता येतो.

इंद्रजालबद्दल एक सावधगिरी. या गोष्टी मुळात वर्तमानपत्राच्या आडव्या पट्ट्या होत्या. पुस्तकाच्या उभ्या पानात बसवताना चौकटी कापल्या जात, कधी वाढवल्या जात. मूळ कथेतला ‘बेंगाली’ नावाचा देश इथे बंगालशी गोंधळ नको म्हणून ‘डेंकाली’ झाला, तसे आणखीही बदल केले गेले. त्यामुळे चित्रकाराची मांडणी इंद्रजालवरून जोखू नका. रेघ जोखा, ती तशीच राहिलीय. बरीचशी मुखपृष्ठं तर वेगळ्याच माणसाची आहेत: गोविंद ब्राह्मणिया यांची. पुढे आबिद सुरती यांच्या ‘बहादुर’ची चित्रंही त्यांनी काढली. काही अंकांत आतल्या चित्रांपेक्षा ब्राह्मणियांचं मुखपृष्ठच सरस आहे, हे मी पूर्ण शुद्धीत म्हणतोय.

पायरी २: तीन गुरू

वेस्टर्न असो की समुद्रावरचं साहस, विसाव्या शतकातल्या बहुतेक वास्तववादी कॉमिक्स-चित्रकारांचा वंश तीन अमेरिकनांपर्यंत जातो. हे तिघं एकदा नजरेत बसले की पुढचं सोपं होतं.

हॅल फॉस्टर पहिला. जन्माने कॅनडाचा. चित्रकला शिकायला विनिपेगहून शिकागोपर्यंत सायकल हाणत गेलेला गडी. ७ जानेवारी १९२९ ला त्याची टारझनची दैनिक पट्टी सुरू झाली. १३ फेब्रुवारी १९३७ पासून त्याने स्वतःचं ‘प्रिन्स व्हॅलियंट’ काढलं. यात बोलण्याचे फुगे नाहीतच, मजकूर चित्राच्या खाली. नव्या वाचकाला हे सुरुवातीला संथ वाटतं. म्हणून पहिल्या खेपेला चित्रं बघत जा, मजकूर दुसऱ्या खेपेला. किल्ल्याची भिंत, पाण्यावरचा उजेड, घोड्याच्या मानेचा ताण, सगळं नीट अभ्यासून काढलेलं. यातला नायक वयाने वाढतो, लग्न करतो, मुलांचा बाप होतो. फॅन्टाग्राफिक्सने २००९ पासून काढलेले खंड चांगल्या मूळ प्रतींवरून केलेत. घ्यायचे तर तेच.

अ‍ॅलेक्स रेमंड दुसरा. १९३४ च्या जानेवारीत, चोविसाव्या वर्षी, त्याने ‘फ्लॅश गॉर्डन’, ‘जंगल जिम’ आणि ‘सीक्रेट एजंट एक्स-९’ अशा तीन मालिका एका महिन्यात सुरू केल्या. रेमंडची रेघ डौलदार. माणसं उभी राहिली तरी नाचाच्या पवित्र्यात उभी आहेत असं वाटतं. माझ्या मते त्याचं सर्वांत पक्कं काम मात्र युद्धानंतरचं, १९४६ मध्ये सुरू झालेलं ‘रिप कर्बी’. चष्मा लावणारा, पाइप ओढणारा गुप्तहेर, आणि काळ्या-पांढऱ्याचा अतिशय संयमी वापर. ६ सप्टेंबर १९५६ ला मोटार अपघातात रेमंड गेला. ‘रिप कर्बी’ जॉन प्रेंटिसने हाती घेतलं आणि १९९९ पर्यंत चालवलं. इंद्रजालमध्येही रिप कर्बी येत असे. तिथे कोणता हात आहे हे ओळखणं हा पहिल्या पायरीनंतरचा उत्तम दुसरा धडा.

तिसरा मिल्टन कॅनिफ. इथे थांबा, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या साहसकथा याच्या खिशातून आल्या. ‘टेरी अँड द पायरेट्स’ २२ ऑक्टोबर १९३४ ला सुरू झालं, कथा चीनमध्ये घडते. पहिल्या काही महिन्यांचं काम साधारण आहे. मग कॅनिफचा स्टुडिओ-सोबती नोएल सिकल्स ‘स्कॉर्ची स्मिथ’मध्ये एक प्रयोग करू लागला: बारीक रेघोट्या सोडून कुंचल्याने मोठे काळे ठोकळे टाकायचे, म्हणजे उजेड आपोआप दिसतो. काम वेगाने होई आणि पानावर पाऊस, धुकं, रात्र उभी राही. सिकल्सला पगारवाढ नाकारली गेली, १९३६ मध्ये तो पट्टी सोडून गेला आणि नाव झालं कॅनिफचं. अर्थात त्या शाईला सिनेमासारखी कथनाची जोड कॅनिफनेच दिली. दूरचं दृश्य, मग मध्यम, मग एकदम डोळे.

‘टेरी’ची मालकी कॅनिफकडे नव्हती. ती ज्यांच्याकडे होती त्यांच्यासाठी बारा वर्षं राबल्यावर १९४६ च्या अखेरीला त्याने ती चालती मालिका सोडली आणि १३ जानेवारी १९४७ ला स्वतःच्या हक्काचं ‘स्टीव्ह कॅनियन’ सुरू केलं. एखाद्या मालिकेत अचानक हात बदललेला दिसला की मागे असलं काहीतरी असतं: मृत्यू, सैन्यभरती किंवा पैसा.

या जुन्या कामांत खटकणारं बरंच आहे. ‘टेरी’मधला कॉनी हा चिनी सोबती दात पुढे असलेलं विडंबन आहे. ‘मँड्रेक’ या जादूगाराच्या मालिकेतला त्याचा साथीदार लोथार अनेक वर्षं फक्त अंगबळाचा गडी म्हणून वावरतो. वेस्टर्नमध्ये मूळ अमेरिकन लोकांचं जे होतं ते सांगायलाच नको. ते दिसलं की पान उलटून पुढे पळू नका. कोणता चित्रकार ठरीव साचा उतरवतोय आणि कोण माणूस बघून काढतोय, हा फरकही हात ओळखण्याचाच भाग आहे.

पायरी ३: अमेरिकन वेस्टर्न, निवडून

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुपरहिरोंचा बाजार बसला आणि काउबॉयचा उठला. रॉय रॉजर्स, जीन ऑट्री, हॉपअलाँग कॅसिडी या पडद्यावरच्या मंडळींच्या नावाने अंक निघू लागले, मुखपृष्ठावर नटाचा फोटो. ढीगभर निघाले आणि ढीगभर टाकाऊ आहेत. सगळं वाचायचा अट्टहास धरलात तर घोड्यांची शिसारी येईल.

या ढिगातून चार हात शोधा. पहिला फ्रेड हारमन, १९३८ चं ‘रेड रायडर’. हा माणूस गुरांमागे वाढलेला, त्यामुळे खोगीर, दोर, धूळ यांत त्याची चूक सापडत नाही. दुसरा होसे लुइस सालिनास, अर्जेंटिनाचा, १९५१ ते १९६८ ‘सिस्को किड’ची दैनिक पट्टी. नाजूक निबाचं काम, देखणं. तिसरा जॉन सेव्हरिन. बंदूक कोणत्या सालची, गणवेशाला बटणं किती, हे त्याच्या चित्रावरून खुशाल मोजावं. चौथा अ‍ॅलेक्स टॉथ. त्याचं पन्नाशीच्या दशकातलं डेल प्रकाशनाचं ‘झोरो’ मिळालं तर दवडू नका. पानावर किती कमी ठेवून भागतं हे टॉथकडून शिकावं. बाकीचे चित्रकार वीस रेघा मारतात तिथे तो तीन मारतो, आणि त्या तीन जागच्या हलवता येत नाहीत.

जॅक कर्बीनेही १९६० मध्ये स्टॅन लीसोबत ‘रॉहाइड किड’ नव्याने काढलं. सलूनमधली मारामारी बघायची तर तीच. १९७२ चा ‘जोना हेक्स’ जॉन अल्बानोने लिहिला आणि फिलिपिनो चित्रकार टोनी दे झुनिगाने काढला. जळका चेहरा, इनामासाठी गुन्हेगारांची शिकार करणारा नायक. तोवर हवा बदलली होती हे त्या चेहऱ्यातच दिसतं.

पायरी ४: आता युरोपात चला

वेस्टर्न कॉमिक्सचं सर्वांत चांगलं काम अमेरिकेबाहेर झालं असं माझं मत आहे. अमेरिकेत ते मुलांचं, स्वस्त आणि घाईचं होतं. बेल्जियम, फ्रान्स आणि इटलीत काढणाऱ्यांना ते स्वप्नातलं परकं माळरान होतं, शिवाय पानंही मोठी मिळाली.

सुरुवात लकी ल्यूकपासून करा. हलकं, विनोदी, आणि सिनेबुक प्रकाशनामुळे इंग्रजीत सहज मिळणारं. काढणारा मॉरिस, बेल्जियन. ल्यूक पहिल्यांदा आला १९४६ च्या अखेरीस, ‘स्पिरू’ साप्ताहिकाच्या १९४७ च्या वार्षिकात. १९५५ पासून रने गोसिनी लिहू लागला आणि १९७७ मध्ये तो वारला तोवरचा काळ हा या मालिकेचा सुवर्णकाळ. म्हणून खरेदी करताना गोसिनीचं नाव असलेलेच अल्बम (युरोपात कॉमिक्सच्या मोठ्या आकाराच्या पुस्तकाला अल्बम म्हणतात) आधी घ्या, डाल्टन बंधू असलेला एखादा नक्की. मॉरिसची खूण रंगात आहे. गर्दीतली सगळी माणसं तो एकाच सपाट निळ्या किंवा पिवळ्या रंगात बुडवतो आणि ज्याच्याकडे बघायचं त्यालाच खरे रंग देतो. एकदा लक्षात आलं की प्रत्येक पानावर दिसायला लागतं. १९८३ मध्ये ल्यूकच्या तोंडातली सिगारेट जाऊन गवताची काडी आली, तेव्हा अल्बम कोणत्या काळातला हे तोंडावरूनही कळतं.

मग जिजे. खरं नाव जोझेफ जिलाँ. १९४८ मध्ये तो मॉरिस आणि फ्रांकँ या दोघांना घेऊन अमेरिकेला गेला, मेक्सिकोही बघून आला. १९५४ मध्ये ‘स्पिरू’त त्याचं ‘जेरी स्प्रिंग’ सुरू झालं. कॅनिफचा काळा कुंचला इथे उन्हात आलेला दिसतो. नायकाचा सोबती पांचो हा मेक्सिकन आहे, आणि मूळ अमेरिकनांकडे ही मालिका त्या काळाच्या मानाने सन्मानाने बघते.

जिजेच्या हाताखाली एक तरुण शिकत होता, जाँ जिरो. जन्म १९३८. विशीच्या आत मेक्सिकोत राहून आलेला, तिथलं वाळवंट डोक्यात घेऊन परतलेला. १९६१ च्या सुमारास त्याने जेरी स्प्रिंगच्या एका कथेवर शाई चढवली. ३१ ऑक्टोबर १९६३ ला ‘पिलोत’ साप्ताहिकात जाँ-मिशेल शार्लिए या लेखकासोबत त्याची स्वतःची मालिका सुरू झाली: ‘ब्ल्यूबेरी’. नायक घोडदळातला लेफ्टनंट, जुगारी, दारुडा, वरिष्ठांचं न ऐकणारा. चेहरा सुरुवातीला नट जाँ-पॉल बेलमाँदोवरून घेतलेला.

ब्ल्यूबेरी मात्र पहिल्या अल्बमपासूनच वाचायला घ्यावी असं नाही. पहिल्या काही अल्बममध्ये जिरोवर गुरूची गडद छाया आहे, शिवाय तो नसताना काही पानं जिजेनेच काढून दिली. नव्याने येणाऱ्याने लॉस्ट डचमनच्या खाणीची दोन भागांची कथा आधी वाचावी. १९७२ मध्ये अल्बमरूपात आलेली ही कथा स्वयंपूर्ण आहे, आणि जिरो इथे गुरूच्या सावलीतून पूर्ण बाहेर आलेला आहे. खडकाची प्रत्येक कपार, दुपारच्या उन्हात पांढरं पडलेलं आकाश, एकाच पानात शिगोशिग तपशील आणि तरीही नजर अडखळत नाही. ते आवडलं की मग मागे जाऊन ‘फोर्ट नवाहो’पासून क्रमाने या. गुरूचा हात कुठे संपतो आणि शिष्याचा कुठे सुरू होतो, हे शोधण्यात फार मजा आहे. हाच जिरो ‘मोबियस’ या नावाने विज्ञानकथाही काढायचा, आणि तिथे रेघ इतकी वेगळी की दोघं एकच यावर विश्वास बसू नये. इंग्रजीत ब्ल्यूबेरी मार्व्हलच्या एपिक शाखेने १९८९ पासून काढली होती. ते खंड आता दुर्मीळ आणि महाग आहेत.

याच जातकुळीतलं पुढे वाचायचं तर हेर्मान या चित्रकाराचं ‘कोमांचे’ (लेखक ग्रेग) आणि देरिबचं ‘बडी लाँगवे’. दुसऱ्यात नायक एका सू जमातीच्या स्त्रीशी लग्न करतो आणि कुटुंब सगळं म्हातारं होत जातं. गोळीबार कमी, हिवाळा जास्त.

इटलीची गोष्ट वेगळी. तिथलं वेस्टर्न काळं-पांढरं, जाडजूड, दर महिन्याला टपरीवर मिळणारं. ३० सप्टेंबर १९४८ ला जान लुइजी बोनेल्लीने लिहिलेलं आणि ऑरेलिओ गालेप्पिनीने, ऊर्फ गालेपने, काढलेलं ‘टेक्स’ आलं. प्रकाशकांची खरी आशा त्याच सुमारास काढलेल्या दुसऱ्याच एका मालिकेवर होती. टेक्सचं काम गालेप रात्री उरलेल्या वेळात करायचा. ती दुसरी मालिका केव्हाच बंद पडली, टेक्स अजून छापतंय. टेक्स विलर हा रेंजर आहे आणि नवाहोंचा प्रमुखही, त्यामुळे कथेत तो अनेकदा गोऱ्यांच्याच विरोधात उभा राहतो. गालेप मुखपृष्ठं ४०० व्या अंकापर्यंत काढत होता. १९९४ मध्ये तो वारला.

आठशेच्या घरात गेलेल्या या मालिकेत शिरायचं कुठून? माझं उत्तर: ‘टेक्सोने’. १९८८ पासून मोठ्या आकाराचे हे विशेष अंक निघतात आणि त्यांत पाहुण्या चित्रकाराला बोलावतात. कथा एकाच अंकात संपते. अमेरिकन जो क्युबर्टने काढलेला २००१ चा अंक इंग्रजीतही आलाय, तो घ्या. आणि कधी संधी मिळाली तर १९९६ चा मॅग्नसचा अंक बघा. मॅग्नस, म्हणजे रोबेर्तो रावियोला, हा अंक काढायला एका डोंगरगावात जाऊन बसला आणि दोनशेहून अधिक पानांवर सुमारे सात वर्षं राबला. झाडाची पानं एकेक काढली आहेत, अक्षरशः. अंक छापून येण्याआधी काही महिने तो वारला. महिन्याच्या महिन्याला निघणाऱ्या टपरीवरच्या मालिकेसाठी कुणी इतकं करावं, यावर मी अनेकांशी वाद घातलाय. पानं समोर ठेवली की वाद संपतो.

पायरी ५: अर्जेंटिनातून समुद्राकडे

वेस्टर्नवरून साहसकथेकडे जायचा सर्वांत जवळचा रस्ता ह्युगो प्रॅट. इटालियन, पण चाळिशीच्या दशकाअखेरीस अर्जेंटिनात गेला. तिथे एक्टर ओस्टरहेल्ड या लेखकासोबत १९५३ मध्ये ‘सार्जंट कर्क’ काढलं: मूळ अमेरिकनांची कत्तल बघून सैन्य सोडलेला सैनिक. कॅनिफचा कुंचला इथे पुन्हा भेटेल, अधिक सैल, अधिक बेफिकीर. १९६७ मध्ये जेनोआहून ‘सार्जंट कर्क’ याच नावाचं मासिक निघालं आणि त्याच्या पहिल्या अंकात प्रॅटचा नवा नायक आला, कोर्तो माल्तेसे. दर्यावर्दी, तुटक बोलणारा, जगभर भटकणारा. त्याचं इंग्रजी भाषांतर २०१४ पासून नीट उपलब्ध आहे. वाचताना प्रॅटचा समुद्र बघा: दोन आडव्या रेघा आणि कोरा कागद.

ओस्टरहेल्डचंच ‘रँडल’ आर्तुरो देल कास्तियोने काढलं, १९५७ पासून. निबाच्या बारीक रेघांनी विणलेलं काम, प्रॅटच्या अगदी उलट टोकाचं. ओस्टरहेल्डला १९७७ मध्ये लष्करी राजवटीने उचललं. तो परत आला नाही. त्याच्या चारही मुली बेपत्ता झाल्या.

पायरी ६: अंक हातात आला की काय बघायचं

मुखपृष्ठावरचा महिना हा अंक विक्रीला आला तो महिना नव्हे. अमेरिकन अंकांवर दोन-तीन महिने पुढचा छापायचे. खरी माहिती असते ती पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत: प्रकाशक, क्रमांक, साल. ते पान फाटलेलं असेल तर किंमत बघा. बहुतेक प्रकाशकांचे अंक १९६१ च्या उत्तरार्धापर्यंत १० सेंटांना होते, मग १२, आणि १९६९ पासून १५. कोपऱ्यात ‘कॉमिक्स कोड’चा, म्हणजे अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या सेन्सॉरचा, तिकिटासारखा शिक्का असेल तर अंक १९५५ किंवा नंतरचा. डेलवर मात्र हा नियम लावू नका. त्यांनी तो शिक्का कधी घेतलाच नाही.

चित्रकाराचं नाव बहुतेक जुन्या अंकांत छापलेलं नसतं. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या संकेतस्थळावर अंकानुसार नोंदी आहेत. नावापुढे प्रश्नचिन्ह असेल तर तो जाणकारांचा अंदाज आहे, खात्री नाही. आधी स्वतः अंदाज बांधा, मग तिथे पडताळा. चित्रकाराच्या चरित्रासाठी अ‍ॅमस्टरडॅमच्या लांबिएक दुकानाचा कोश उत्तम. हक्क संपलेले अमेरिकन अंक डिजिटल कॉमिक म्युझियमवर फुकट वाचता येतात. पन्नाशीच्या आधीचं बरंच वेस्टर्न तिथेच चाळून होईल, त्यावर एक रुपया घालवायची गरज नाही.

कागदी अंक हवेच असतील तर मुंबईत फाउंटनजवळचे आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे फुटपाथवरचे विक्रेते, गावागावातले रद्दीवाले, बंद होणारी वाचनालयं. विक्रेत्यासमोर ‘किती दिवस शोधत होतो’ असं म्हणू नका, किंमत तिथेच दुप्पट होते. वाचनालयाचे अंक बाईंड करताना कडा कापलेल्या असतात. वाचायला हरकत नाही, पण त्याला सुट्या अंकाचा भाव देऊ नका. इंद्रजालच्या रंगीत छायाप्रती मूळ म्हणून खपवल्या जातात. भिंगाखाली धरा: जुन्या छपाईत ठिपके ओळीत, जाळीसारखे दिसतात, घरगुती प्रिंटरची शाई विस्कळीत फवारल्यासारखी. पिनाही बघा. साठ वर्षांच्या अंकाला चकचकीत पिना असतील तर काहीतरी गडबड आहे.

पायरी ७: आपल्या हवेत अंक जपणं

हा कागद वर्तमानपत्राचा, स्वस्त लगद्याचा. त्यातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडतो आणि आम्लाने कुरकुरीत होतो. ते थांबवता येत नाही, लांबवता येतं. पॉलिप्रॉपिलिनची पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा. पीव्हीसीच्या जाड चकचकीत पिशव्या टाळा, त्या वर्षा-दोन वर्षांत शाईला चिकटतात. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवलंत तर बुरशी आणि कसर दोन्ही येणार. चार बोटं जागा सोडा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओलावल्या की गरम करून पुन्हा वापरा. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर कडक वाळवून, कापडात बांधून. ओला पाला डाग पाडतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. लॅमिनेशनचं तर नावच नको.

पायरी ८: भाषेला अडू नका

ब्ल्यूबेरी इंग्रजीत सहज मिळत नाही, टेक्सचे बहुतेक अंक इटालियनमध्येच आहेत, म्हणून थांबू नका. फ्रेंच अल्बम सेकंडहँड बाजारात अनेकदा इंग्रजी खंडांपेक्षा स्वस्त पडतात आणि छपाई कितीतरी चांगली असते. कथा आधी सारांशातून वाचून घ्या, मग अल्बम चित्रांवरून वाचा. चांगल्या चित्रकाराचं पान फुग्यांशिवायही कळलंच पाहिजे, आणि जिरोचं कळतं. तमिळ येत असेल, किंवा वाचून दाखवणारं कुणी घरात असेल, तर तुमचं नशीब थोर: शिवकाशीचं मुत्तू कॉमिक्स १९७२ पासून आणि त्यांचंच लायन कॉमिक्स पुढे १९८४ पासून युरोपातली कॉमिक्स तमिळमध्ये आणतंय. टेक्स, लकी ल्यूक आणि ब्ल्यूबेरी तिघंही तिथे तमिळ बोलतात, टेक्सचा तर तिथे मोठा वाचकवर्ग आहे. मराठीत हे तिघं अजून यायचे आहेत.